कडू कवठाचे तेल आणि डॉ. भाऊ दाजी

कोकणात आणि गोव्यात ओढ्याकाठी कडू कवठाचे झाड दिसते. कोणी त्याला खष्ट म्हणतात. आपण खातो ते कवठ वेगळे. याच्या बियांचे तेल मात्र खरजेवर, चट्ट्यांवर लावायची जुनी रीत आहे. हे गावठी तेल मुंबईच्या डॉक्टरी विद्येत नेण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, ते डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचा जन्म गोव्यातल्या पेडणे भागातील मांद्रे गावचा, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावातला. घरची गरिबी. कुटुंब मुंबईत आले. पोरगा बुद्धिबळात भलताच हुशार. ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांचे मन वळवले. पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले, तिथेच शिक्षकाची नोकरी लागली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा चालती नोकरी सोडून भाऊ पुन्हा विद्यार्थी झाले. १८५१ साली तिथून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ एक.

डॉक्टरी जोरात चालली. धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. पण इंग्रजी विद्या आली म्हणून जुने ते सगळे टाकाऊ, असं त्यांनी मानलं नाही. संस्कृत वैद्यकग्रंथ ते स्वतः वाचत आणि त्यातली औषधे रोग्यांवर वापरून गुण येतो का ते पाहत. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं, असंही नाही. आणि गावठी आहे म्हणून खोटं, असंही नाही.

त्या काळी महारोग झाला की माणूस गावाबाहेर. इंग्रजी वैद्यकाकडेही त्यावर इलाज नव्हता. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक सांगितला आहे; तुवरक म्हणजेच हे कडू कवठ. भाऊंनी १८६० नंतरच्या दशकात महारोग्यांवर तेलाचे उपचार केले आणि गुण येतो असा त्यांचा दावा होता.

मात्र इथे एक गोष्ट अडली. औषध कोणते, ते भाऊंनी गुप्त ठेवले. पुरता पडताळा आल्याशिवाय बोलायचे नाही, असा त्यांचा विचार. पण नावच ठाऊक नाही त्या औषधाची परीक्षा दुसऱ्या डॉक्टरांनी करायची कशी? त्यांचा विश्वास बसेना, टीका झाली. पुढे भाऊंना पक्षाघात झाला आणि ३१ मे १८७४ रोजी ते वारले. औषध कडू कवठाचे तेल होते, हे त्यांच्या मागे सर्वांना कळले.

तिकडे बंगालमध्ये डॉ. मोअट यांनी १८५४ सालीच चालमोगऱ्याच्या तेलाची माहिती छापून टाकली होती. चालमोगरा हा कडू कवठाचाच भाऊबंद. माहिती उघडी होती, म्हणून ते तेल देशोदेशी गेले. या जातीच्या झाडांचे तेल जगभर महारोगावर मुख्य औषध म्हणून १९४० च्या दशकापर्यंत वापरात होते. त्याने थोडाफार गुण येई, पण मळमळ फार आणि रोग पुरता जाईच असे नाही. मग सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले.

आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तेल चोळत दिवस घालवू नका, केंद्रात जा.

२००५ सालानंतर अनेक सरकारी दवाखान्यांत डॉक्टर आणि वैद्य एकाच छपराखाली बसू लागले. पण दोन खोल्या शेजारी असल्या म्हणून दोन विद्या जवळ येत नाहीत. घरी काढा चालू असेल, मुळी चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. लाजायचं कारण नाही. वैद्यांनीही कशात काय घातलं ते कागदावर द्यावं, आणि डॉक्टरांनी ते न हसता वाचावं. भाऊंसारख्या विद्वानाच्या कामात राहिलेली उणीव आपल्याला भरून काढता येईल, ती अशीच.