पहिल्या संकलक सरस्वतीबाई फाळके

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आज संकलकाचे नाव हमखास असते. मुंबईत संकलकांची स्वतःची संघटनाही आहे. मात्र भारतीय चित्रपटाच्या आरंभी हेच काम करणाऱ्या सरस्वतीबाई फाळके दीर्घकाळ केवळ दादासाहेब फाळके यांच्या पत्नी म्हणूनच परिचित राहिल्या.

त्यांचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातील ही मुलगी १९०२ मध्ये फाळक्यांच्या घरी आली. १९११ मध्ये दादासाहेबांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पुढच्या खेळाला पत्नीला सोबत नेले. त्यानंतर घरातील चीजवस्तू विकली गेली, सरस्वतीबाईंचे दागिनेही या वेडाच्या कामी आले. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबात याचा अर्थ काय होता, हे सांगायला नको!

१९१२ मध्ये दादासाहेब लंडनहून कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. कच्च्या फिल्मच्या कडांना तेव्हा छिद्रे नसत. मिट्ट अंधारात, हाताच्या अंदाजाने ती पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. रसायनांचे मिश्रण करणे, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून कलावंतांवर प्रकाश पाडणे, ही कामेही त्यांच्याकडे आली. चित्रित तुकडे तपासून, कापून, योग्य क्रमाने जोडण्यातही त्यांचा हात होता. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच माथी! त्यांनी तारामती साकारावी, अशी दादासाहेबांची इच्छा होती. पण आपण पडद्यावर गेलो तर बाकीचे कोण पाहणार, या विचाराने त्यांनी नकार दिला. अखेर ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली.

सुमारे ३७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. कीर्ती दादासाहेबांना लाभली, आणि ती रास्तच होती. संकलन हे स्वतंत्र कौशल्य असल्याची जाणीव मात्र तेव्हा रुजलेली नव्हती. त्यामुळे सरस्वतीबाईंच्या श्रमांची गणना घरकामातच झाली.

पुढे भागीदारांशी मतभेद, काशीतील वास्तव्य, पुनरागमन, बोलपटांची लाट अशी वळणे आली. १९३७ चा 'गंगावतरण' हा दादासाहेबांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंची ओळख सर्वसामान्य प्रेक्षकाला ठळकपणे झाली ती २००९ मध्ये, परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मुळे. त्यात विभावरी देशपांडे यांनी त्यांची भूमिका केली होती.