खाणकामगारांचे मित्र : जॉन हाल्डेन

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात टायलर्सटाउन नावाचे गाव आहे. २७ जानेवारी १८९६ रोजी तेथील कोळशाच्या खाणीत मोठा स्फोट झाला. ५७ माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटाचा तडाखा बसून ती मेली असावीत, असे कोणालाही वाटले असते. पण चौकशीसाठी एक डॉक्टर आले. त्यांनी मृतदेह आणि त्यांचे रक्त बारकाईने तपासले. रक्ताचा रंग नेहमीपेक्षा अधिक लालभडक होता. डॉक्टरांनी ओळखले, की बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतर पसरलेल्या विषारी वायूने घेतला आहे.

हे डॉक्टर म्हणजे जॉन स्कॉट हाल्डेन. त्यांचा जन्म २ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. तेथेच त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे ते ऑक्सफर्ड येथे संशोधन करू लागले. माणूस श्वास कसा घेतो आणि वाईट हवेत तो का गुदमरतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

त्या विषारी वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वासही नाही. कोळसा, लाकूड किंवा तेल अर्धवट जळले, की तो तयार होतो. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य असते. ते प्राणवायू सर्व शरीरात पोहोचवते. पण कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आगगाडीच्या डब्यातील सर्व जागा दुसऱ्यांनीच अडवाव्यात आणि खऱ्या प्रवाशाला आत शिरता येऊ नये, तसे रक्तात घडते. मग शरीर प्राणवायूवाचून तडफडते.

हा वायू माणसाला किती घातक आहे, हे कसे समजणार? हाल्डेन यांनी दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात घातला नाही. १८९५ साली ते स्वतःच हा वायू मिसळलेली हवा तासाभराहून अधिक वेळ श्वासावाटे घेत राहिले. मधूनमधून स्वतःच्या रक्ताचे थेंब काढून ते तपासत होते. त्यांच्या रक्तातील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूने व्यापले. पायांतले बळ गेले, नजर अंधुक झाली. तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला.

खाणीतील माणसांना धोक्याची सूचना आधीच मिळावी, म्हणून त्यांनी एक साधा उपाय सुचवला. लहान प्राण्यांचा श्वास जलद चालतो. त्यामुळे विषारी वायूचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी होतो. म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत न्यावा, असे त्यांनी सांगितले. पिंजऱ्यातील पक्षी दांडीवरून खाली पडला, की कामगार ताबडतोब बाहेर धाव घेत. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ सालापर्यंत चालू होती.

हाल्डेन यांचा आणखी एक प्रयोग फार महत्त्वाचा ठरला. त्यांनी एक उंदीर बंद भांड्यात ठेवला. भांड्यात कार्बन मोनॉक्साइड होता. पण त्याबरोबर हवेच्या दुप्पट दाबाचा शुद्ध प्राणवायूही होता. उंदीर जगला! हिमोग्लोबिनची वाट अडली होती हे खरे. पण दाब वाढवल्यामुळे प्राणवायू रक्ताच्या पाण्यातच विरघळला आणि त्याने उंदराचा जीव राखला.

या तत्त्वावर पुढे माणसांवरही उपचार होऊ लागले. १९६० साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील डॉक्टरांनी विषबाधा झालेल्या रोग्यांना बंद कोठीत ठेवून अधिक दाबाचा प्राणवायू दिला. साध्या हवेत निम्मा विषारी वायू रक्तातून निघून जायला सुमारे पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे सव्वा तास लागतो. हवेच्या तिप्पट दाबाचा प्राणवायू दिला, तर हेच काम अर्ध्या तासाच्या आत होते.

हे उपचार पाहायला हाल्डेन हयात नव्हते. मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन हेही थोर शास्त्रज्ञ होते. ते १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचा मृत्यू झाला.

मुलांनो, हा वायू केवळ खाणीतच असतो असे नाही. थंडीच्या दिवसांत काही लोक दारे-खिडक्या लावून पेटती शेगडी जवळ ठेवतात आणि झोपी जातात. ही झोप शेवटची ठरू शकते. बंद खोलीत शेगडी कधीही पेटवू नये. खोलीत डोके दुखू लागले, चक्कर आली किंवा मळमळू लागले, तर सर्वांना घेऊन लगेच मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा. हाल्डेन यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून जे ज्ञान मिळवले, ते आपण आपल्या घरात पाळले, तरच त्यांच्या कष्टांचे चीज होईल.