लुई कॉलिन्सला का मारलं?

गेल्या पावसाळ्यात मामाने त्याची जुनी गिटार मला देऊन टाकली. अट एकच होती. क्वायरमधल्या तीन कॉर्डवर अडकून बसायचं नाही, मिसिसिपी जॉन हर्ट ऐकायचा. मी ऐकला. पहिलंच गाणं लागलं ते ‘लुई कॉलिन्स’. चाल इतकी मऊ, की मला ती अंगाईच वाटली. तिसऱ्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष गेलं आणि कळलं, अरे, हा तर खून आहे!

आई रडतेय, दोघांनी गोळ्या झाडल्यात, मित्र हळहळतायत आणि ध्रुवपदात देवदूत मेलेल्याला हळूच निजवतायत. आपल्याकडे मिस्सा संपल्यावर शवपेटी चर्चबाहेर नेताना देवदूतांनी तुला स्वर्गात न्यावं अशी प्रार्थना करतात, ती मला एकदम आठवली. पण भांडण कशावरून? पैसा? बाई? जुगार? गाण्यात त्याबद्दल अक्षर नाही. मारणाऱ्यांपैकी एकाचं नावही लुईच, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

हे गाणं रचणारा जॉन हर्ट १८९२-९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, कॅरोल परगण्यात जन्मला आणि एव्हलॉन नावाच्या इवल्याशा वस्तीत वाढला. कृष्णवर्णीय शेतमजुराचं घर. नऊएक वर्षांचा असताना आईने गिटार घेऊन दिली. अंगठ्याने खर्ज धरायचा आणि उरलेल्या दोन बोटांनी वर चाल वाजवायची, ही पद्धत त्याची त्याने बसवली. ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं वाजवतायत. (मी सहा महिने करतोय. अजून माझा अंगठा बोटांच्या मागे फरपटतो.) दिवसा शेतावर राबायचं, शनिवारी कुणाच्या तरी घरी नाचासाठी वाजवायचं. विली नार्मर या गोऱ्या फिडलवाल्याबरोबरही तो वाजवत असे. त्या काळातल्या मिसिसिपीत हे विशेषच.

नार्मरनेच ओके रेकॉर्ड कंपनीला त्याचं नाव सुचवलं. १९२८ च्या फेब्रुवारीत मेंफिसला आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्याची गाणी ध्वनिमुद्रित झाली. ‘मिसिसिपी’ हे नावापुढचं शेपूट कंपनीने लावलेलं. न्यूयॉर्कमध्ये घरची आठवण येऊन त्याने आपल्या एव्हलॉनवरही एक गाणं केलं. मग मंदी आली, कंपनी बुडाली आणि हर्ट मुकाट्याने शेतावर परतला. पस्तीस वर्षं!

त्याच्या तबकड्यांमध्ये ‘फ्रँकी’ आहे, ‘स्टॅक ओ ली’ आहे. दोन्ही सेंट लुईस शहरात खरोखर घडलेले खून. ‘स्टॅक ओ ली’मागची घटना १८९५ च्या नाताळच्या रात्रीची. ली शेल्टनने बिली लायन्सला गोळी घातली, भांडण टोपीवरून. कोर्टाचे कागद आहेत, वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत. लुई कॉलिन्सचं तसं नाही. लोकांच्या बोलण्यातून जेवढं कानावर आलं तेवढ्यावरून गाणं केलं, असं हर्टनेच पुढे सांगितलं होतं. तो स्वतः कॉलिन्सला ओळखतही नव्हता.

आपला शाहीर पोवाड्यात गाव, लढाई, कोण पडलं, कोण पळालं सगळं खडसावून सांगतो आणि शेवटी स्वतःचं नावही गुंफतो. त्याच्यामागे कुणीतरी उभं असतं. हर्टच्या मागे कोण होतं? त्याच्या जन्माआधी थोडीच वर्षं, १८८६ मध्ये, त्याच परगण्यातल्या कॅरल्टनच्या कोर्टात शिरून गोऱ्या जमावाने वीसेक कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून मारलं. शिक्षा एकालाही झाली नाही. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला का हा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो, हे शिकवावं लागत नसणार. हा माझा तर्क, पुरावा काही नाही. पण सगळे या गाण्यांच्या गूढपणाचं कौतुक करतात, तेव्हा मला वाटतं की त्यात थोडी भीतीसुद्धा असेल.

कारण १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा गोरा तरुण त्याला शोधत आला, तेव्हा हर्ट आधी घाबरलाच. हॉस्किन्सच्या मित्राने ते एव्हलॉनचं गाणं ऐकून जुन्या नकाशांच्या पुस्तकात ते गाव शोधून काढलं होतं. हर्टला वाटलं हा एफबीआयचा माणूस, आता आपण काय केलं? जवळच्याच ग्रीनवुडमध्ये त्या वर्षी मतदार नोंदणीची चळवळ पेटली होती आणि नोंदणी करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात होत्या. अशा दिवसांत दारात अनोळखी गोरा! सत्तरीचा म्हातारा, गुरं राखून पोट भरणारा, घरात स्वतःची गिटारसुद्धा नाही. हॉस्किन्सने बरोबर आणलेली गिटार हातात दिली आणि वाजवायला सांगितलं. त्याच जुलैत हर्ट न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो पोरांपुढे बसला होता.

पुढची तीन वर्षं मैफली, तबकड्या, टीव्ही. लोकांनी त्याला टोपीवाला गोड आजोबा करून टाकलं. मला ते फारसं पटत नाही. आजोबा गोड असतील, पण गाणी खुनांची आहेत.

शेवटी तो मिसिसिपीतच, ग्रेनाडाला परतला. २ नोव्हेंबर १९६६ ला गेला. त्या दिवशी आपण स्मशानात मेणबत्त्या घेऊन जातो, मृतांचा दिवस. मामाला हे सांगितलं तर तो काही बोललाच नाही, नुसता गिटारच्या तारा जुळवत बसला. या नोव्हेंबरला आजीच्या थडग्यावरून आल्यावर त्याला ‘लुई कॉलिन्स’ वाजवून दाखवायचं ठरवलंय. तोवर अंगठा सुधारला पाहिजे.