दादासाहेब फाळके आणि कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक, एवढं आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्यांच्या आयुष्यातला एक वाटाणा मात्र सांगायचा राहून जातो. आज तोच सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, अगदी जादूचे प्रयोगसुद्धा! हा माणूस एका जागी टिकत नाही, असंच कुणालाही वाटावं. (असं एखादं मूल आपल्याही वर्गात असतं ना?) भागीदारांशी पटेना म्हणून छपाईचा धंदाही सोडला, तेव्हा चाळिशी आली होती.

अशात मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, त्यांच्या मनात मात्र राम-कृष्ण उभे राहत होते. मग चित्रपट बघणं आणि प्रयोग करणं इतकं वाढलं की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तंत्र पाहिलं आणि कॅमेरा घेऊन आले.

कॅमेरा आला, पण पैसे लावणार कोण? फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. विचार करा, मधल्याच एखाद्या दिवशी कुणी येऊन विचारलं असतं, काय केलंत, तर दाखवायला काय होतं? जवळजवळ कालच्यासारखंच रोप! पण सगळी चित्रं एकापाठोपाठ पडद्यावर धावली, तेव्हा मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढला. ते पाहून भांडवल देणारे तयार झाले.

मग ‘राजा हरिश्चंद्र’. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. सरस्वतीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मला छिद्रंही पाडायच्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला.

पुढे कंपनी झाली, भागीदार आले, खटके उडाले. आपल्याच पद्धतीने काम करायचा हट्ट त्यांना महागही पडला, हे मुलांपासून लपवू नये. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

हा धडा घ्याल तेव्हा वर्गाच्या खिडकीत वाटाणा पेरून बघा. मोबाइल रोज त्याच जागी ठेवून एकच फोटो काढायचा. आठव्या-दहाव्या दिवशी कुणीतरी म्हणेलच, “बाई, काहीच होत नाहीये!” तेव्हा लगेच उत्तर देऊ नका.