कुंचल्यातून उतरलेला चित्रपट : बाबूराव पेंटर

चित्रपट पाहणे आणि चित्रपटामागचा हात ओळखणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. कविता वाचताना कवी कोण, हे आपण सहज विचारतो. चित्रपट पाहून घरी परतताना मात्र नट कोण, नटी कोण, एवढ्यावरच आपली जिज्ञासा शमते. म्हणून ह्या अंकात आम्ही अशा एका दिग्दर्शकाची ओळख करून देत आहो, की ज्याचा हात पडद्यावरील प्रत्येक सावलीत दिसत असे. हा पुरुष आपल्या बेळगावकरांना परका नाही. तो शेजारच्या कोल्हापूरचा.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ह्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे, हत्यारे आणि रंग ह्यांच्या सहवासात ते वाढले. शाळेचे शिक्षण थोडेच झाले आणि चित्रकला तर त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता हस्तगत केली. भावाच्या नात्याचे, वयाने वडील असे आनंदराव हे त्यांचे जोडीदार. संगीत नाटकांच्या त्या वैभवाच्या काळात केशवराव भोसले ह्यांच्यासारख्या नटश्रेष्ठांच्या मंडळ्यांना ह्या दोघांनी पडदे रंगवून दिले. राजवाडा, अरण्य, नदीतीर अशी एकेक सृष्टी ते कापडावर उभी करीत. लोक त्यांना मेस्त्री म्हणेनासे झाले व पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि ह्या दोघा बंधूंना चलच्चित्राचे वेड लागले. परंतु कॅमेरा कोठून आणावा? विलायती यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा ते आपणच घडवावे, असा त्यांनी निश्चय केला. दुर्दैवाने १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी हाय खाल्ली नाही. विष्णुपंत दामले ह्या कसबी शिष्याला हाताशी धरून त्यांनी १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी भांडवलास हातभार लावला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. पडदे रंगविणारा माणूस चित्रपट काढू लागला, म्हणजे त्याने चित्रपटातही सुंदर पडदे टांगावे, अशी आपली अपेक्षा असणार. घडले नेमके उलटे! रंगविलेल्या पडद्याचे दोष पडदे रंगविणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पडद्यावरच्या खांबाची सावली कायमची एका बाजूला रंगविलेली असते, आणि त्यापुढे उभ्या असलेल्या नटाची सावली मात्र सूर्य जिकडे नेईल तिकडे जाते. रंगमंदिरात दूर बसलेल्या प्रेक्षकाला हे जाणवत नाही. कॅमेऱ्याच्या डोळ्याला तत्काळ जाणवते. म्हणून बाबूरावांनी सपाट पडदे सोडून लांबी, रुंदी व खोली असलेली भरीव दृश्ये उभारली. नट जिच्यात खरोखर वावरू शकेल अशी वास्तू त्यांना हवी असे. चित्रणापूर्वी ते पात्रांचे पोशाख, त्यांची उभे राहण्याची ढब, दृश्याची मांडणी हे सर्व कागदावर रेखाटून ठेवीत. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे. तेव्हा रंगांवर जन्मभर प्रेम केलेल्या ह्या माणसाला रंग विसरून केवळ उजेड आणि अंधार ह्यांच्या भाषेत विचार करावा लागला. आमच्या मते त्यांची खरी शैली येथेच घडली.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात त्यांचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाकडून करवून घ्यावी लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या धाडसाचे मोल कळते. अर्थात त्या स्त्रियांना समाजाचा रोष सोसावा लागला. धाडसाची किंमत बाबूरावांपेक्षा त्यांनीच अधिक मोजली, हे येथे सांगितलेच पाहिजे. भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब वठला, की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या आणि पुढे ते दृश्य काढून टाकावे लागले. लोकमान्य टिळकांनी ह्या कलावंताला ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

१९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. तानाजीचा पराक्रम रात्रीचा. आणि मूकपटांचे चित्रण बहुधा सूर्यप्रकाशात चाले. रात्र दिसावी म्हणून बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. काळोखातून माणसे जेवढी हवीत तेवढीच उजळवावयाची, बाकीची काळोखालाच देऊन टाकावयाची, ही युक्ती चित्रकाराचीच होय. ह्याच चित्रपटात शेलारमामाचे काम एका उमेदवार तरुणाने केले. ते व्ही. शांताराम.

परंतु बाबूरावांची थोरवी खरी कसाला लागली ती १९२५ मध्ये. हरि नारायण आपटे ह्यांच्या कथेवरून त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात देव नव्हते, राजे नव्हते. सावकाराने नाडलेला, जमिनीला मुकून शहरातील गिरणीची वाट धरणारा एक शेतकरी होता. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांची होती. अंधूक उजेडातील ती दरिद्री झोपडी आणि तेथे विव्हळणारे कुत्रे ह्यांची आठवण हा चित्रपट पाहिलेल्यांनी पुढे कित्येक वर्षांनी लिहून ठेवली आहे. मात्र गर्दी जमली नाही. चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाला आपल्याच गावचे दारिद्र्य पैसे देऊन पाहावेसे वाटेना! कंपनी पुन्हा पौराणिक कथांकडे वळली. ह्यात बाबूरावांना दोष देण्यास आमचे मन धजत नाही. कंपनीत काम करणाऱ्यांची चूल पेटती ठेवणे हेही मालकाचे कर्तव्य असते.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह प्रभात कंपनी स्थापन केली. ज्यांना हाताला धरून शिकविले तेच निघून गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीही त्यानंतर फार काळ टिकली नाही. तरी दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधील साधी, खरीखुरी घरे आणि शांतारामांच्या १९३९ च्या ‘माणूस’मधील सावल्या पाहिल्या, की गुरूचा हात ओळखू येतो. बोलपटाच्या युगात बाबूरावांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे चित्रपट केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ बोलका करून पुन्हा काढला. पण आरंभीचा तो दबदबा परत आला नाही. जो जे सांगावयाचे ते उजेड-अंधाराने सांगत असे, त्याला संवादांनी भरलेला पडदा काहीसा परका वाटला असावा. आयुष्याच्या उत्तरार्धातही चित्रकला आणि शिल्पकला ह्यांनी त्यांची साथ सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचा अंत झाला.

त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेट घेई, नाही तर डब्यातच कुजून जाई. ‘सैरंध्री’ पाहण्याचा आता उपाय नाही. मात्र बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतःच रंगवीत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे असे एक रंगीत भित्तिपत्रक आजही उपलब्ध असून, भारतीय चित्रपटांच्या शिल्लक राहिलेल्या रंगीत भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुने मानले जाते.