अमृतराव पेशवे : राजा घाटाचा अन्नदाता

वाराणसीत नारद घाट आणि खोरी घाट यांच्या दरम्यान असलेला राजा घाट पूर्वी अमृतराव घाट या नावाने ओळखला जात असे. पेशवे घराण्यातील अमृतराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या घाटाची दगडी बांधणी केली, तेथे देवालये उभारली आणि अन्नछत्र चालविले. राजकारणात अपयश आलेल्या या पुरुषाचे नाव काशीत टिकले ते अन्नदानामुळे.

अमृतराव हे रघुनाथराव पेशवे यांचे दत्तक पुत्र. पुढे १७७५ मध्ये रघुनाथरावांना औरस पुत्र झाला. तेच दुसरे बाजीराव. पेशवेपद १७९६ मध्ये बाजीरावांकडे गेले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकर यांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीरावांनी पुणे सोडले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह केला. दरम्यान होळकरांनी अमृतरावांना पुण्यास आणून कारभार त्यांच्या नावे चालविला. फौजेच्या खर्चासाठी पुणेकरांकडून सक्तीने पैसा वसूल करण्यात आला. अमृतरावांच्या चरित्रातील ही बाजूही विसरता येत नाही.

मे १८०३ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या मदतीने पुन्हा गादीवर आले. त्याच वर्षी अमृतरावांनी आर्थर वेलस्ली यांच्याशी करार केला आणि वार्षिक तनखा स्वीकारून ते काशीस गेले. बुंदेलखंडातील कर्वी येथे त्यांना जहागीरही मिळाली.

त्यांच्या काशीतील दानधर्माचे वर्णन १८२४ मध्ये तेथे आलेले इंग्रज बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात केले आहे. वर्षातील एका ठराविक दिवशी अमृतराव ब्राह्मण, साधू आणि गोरगरिबांना प्रत्येकी एक रुपया व मापभर तांदूळ देत. याचकांच्या तीन वर्गांसाठी बागेची तीन दारे उघडी असत. दान घेतलेल्या व्यक्तीला दुसऱ्यांदा रांगेत येता येऊ नये, म्हणून बागेतच थांबविले जाई; तेथे सावली व पाण्याची सोय असे. या एका दिवसाचा खर्च अनेकदा पन्नास हजार रुपयांहून अधिक होई. त्याच वर्षी, १८२४ मध्ये, अमृतरावांचे काशीत निधन झाले.

शिजविलेल्या अन्नाऐवजी शिधा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यामागे सोवळ्याओवळ्याचे नियम होते, आरोग्याचा विचार नव्हता. तरीही तिचा एक लाभ होता : आपल्या पानात काय आहे, हे खाणाऱ्याला ठाऊक असे.

आज या गोष्टीला वेगळे महत्त्व आले आहे. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. शेंगदाणे, दूध, अंडी, गहू किंवा मासे यांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला त्या पदार्थाचा अल्पसा अंशही अपायकारक ठरू शकतो. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे ही त्याची लक्षणे होत. श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास जिवाला धोका असतो व तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. पाकिटबंद खाद्यपदार्थांवर अशा घटकांचा उल्लेख करणे भारतात नियमानुसार बंधनकारक आहे. प्रसादाच्या द्रोणावर मात्र तशी चिठ्ठी नसते. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असते आणि पंचामृतात दूध.

प्रसाद नाकारणे आपल्याकडे अनादर समजले जाते. या संकोचापोटी अनेक जण आपला त्रास सांगत नाहीत आणि यजमानही आग्रह सोडत नाहीत. मुलांच्या बाबतीत हा आग्रह विशेष घातक ठरू शकतो. पंगतीत किंवा अन्नछत्रात पदार्थांतील घटकांची पाटी लावणे, वाढण्यापूर्वी विचारणे आणि नकाराचा मान राखणे, एवढ्याने मोठा धोका टळू शकतो. दानाच्या वेळी प्रत्येक याचकाकडे लक्ष पुरविणारी व्यवस्था अमृतरावांनी दोनशे वर्षांपूर्वी उभी केली होती. आजच्या अन्नदात्यांनी तीत या एका प्रश्नाची भर घालावयास हवी.