पालवणकरांकडून अपेक्षा

मॅच असली की आपल्या होस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये एक सिलेक्शन कमिटी बसते. याला काढा, त्याला घ्या, ह्याने तरी विकेट काढायलाच पाहिजे! दोन ओव्हर महाग गेल्या की कालचा देव आज घरी. हे ऐकताना मला बाळू पालवणकर आठवतात. हिंदू संघाच्या पाठीराख्यांनी त्यांच्याकडून काय काय मागितलं, आणि त्या बदल्यात काय द्यायला किती वर्षं लावली, हे एकदा वाचाच.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर ते महिना चार रुपयांवर नोकरीला होते. रोलर फिरवायचा, नेट लावायची आणि साहेबांना बोलिंग टाकायची. बॅटिंग मिळायची नाही. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या स्पिनवर रोज सराव करायचा. साहेबाची बॅटिंग सुधारली, आणि बाळूंची बोलिंग त्याहून जास्त!

पुण्यातल्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून बरीच चर्चा होऊन बाळूंना संघात घेतलं. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. टी-टाइमला मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. विकेट चालते, कप चालत नाही. आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. ही गोष्ट त्याच्या तीसेक वर्षं आधीची.

पुढे बाळू मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले, तेही पस्तिशीत. धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही हिंदूंकडून खेळले. म्हणजे बोलिंग बाळूंनी करायची, धावा विठ्ठलने काढायच्या, आणि कप्तान? तो दरवेळी दुसराच कोणी तरी, वरच्या जातीचा.

१९२० साली बाळूंना वगळलं आणि विठ्ठललाही कप्तानपद नाकारलं. तेव्हा भावांनी सरळ संघातून अंग काढून घेतलं. मला ही त्यांची सर्वांत मोठी खेळी वाटते. लोकांत गवगवा झाला, मग तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. कप्तान पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ सांभाळला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला, हिंदूंनी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बाळू तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षांचे झाले होते.

अपेक्षांनी त्यांची पाठ राजकारणातही सोडली नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. तरुणपणी बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंचा अभिमान वाटायचा, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाबासाहेबांसमोर बाळूंना उभं केलं! बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक फक्त दोन हजारांचा. ती अकरा हजार मतं काँग्रेसची किती आणि त्या जुन्या बोलिंगची किती, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला.

बाळू १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत वारले.